चौदा जणांची पावती

माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून चाळीच्या गणपतीच्या पावत्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. साल २००२. मी सहावीत होते. लालबागला आमची तीन मजल्यांची चाळ, मजल्याला सोळा खोल्या. वर्गणी खोलीमागे १०१ रुपये. जुलैमधल्या मीटिंगमध्ये आकडा ठरायचा आणि ऑगस्टमध्ये आम्ही दारोदार फिरायचो. तळमजल्यावरचे अण्णा पुढे, पत्र्याची पेटी घेतलेला एक मुलगा मागे आणि मधे मी, काखेत पावतीपुस्तक, त्यात कार्बन पेपर.

अण्णा गिरणीत कामाला होते. १९८२च्या संपानंतर परत गेलेच नाहीत. मंडळाचे खजिनदार मात्र ते शेवटपर्यंत होते. त्यांचे नियम थोडे होते. पैसे हातात आल्याशिवाय पावती फाडायची नाही आणि पावती फाडल्याशिवाय पैसे पेटीत टाकायचे नाहीत. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, दोन्हीकडे लिहायची. मागची तारीख टाकायची नाही. आणि वर्गणीत घासाघीस करायची नाही.

या शेवटच्या नियमाचा अर्थ मला बरीच वर्षं नीट कळला नव्हता. कारण तिसऱ्या मजल्यावरच्या आजी ११ रुपयेच द्यायच्या आणि अण्णा ते दोन्ही हातांनी घ्यायचे. आजींना पावतीवर पूर्ण नाव हवं असायचं, वारलेल्या नवऱ्याच्या नावासकट. मी ते एवढ्याशा रेघेवर कोंबून लिहायचे. याउलट खालच्या दुकानदाराने एकदा म्हटलं, "१०१ कशाला, ५१ लावा. मंडप तर तुमच्या अंगणात आहे, मला काय फायदा?" अण्णांनी माझ्या हातातलं पुस्तक मिटवलं. "फायदा नसेल तर राहू दे शेठ. पण दहा दिवस अंगणात माणसं येतात, ती नारळ आणि अगरबत्ती कुठून घेतात?" दुकानदार हसला, पण पैसे दिले नाहीत. संध्याकाळी त्याचा नोकर १०१ रुपये घेऊन आला.

आजींना परवडत नव्हतं. दुकानदाराला परवडत होतं, पण कमी करून मिळतंय का ते तो बघत होता. अण्णांच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. विसर्जनानंतर पंधरा दिवसांत जमा-खर्चाचा कागद जिन्यापाशी लागायचा. त्यात आजींचे ११ सुद्धा असायचे.

गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, तेव्हापासून या शहरातली मंडळं अशा पावतीपुस्तकांवर चालत आली आहेत. मोठ्या मंडळांना आता जाहिराती मिळतात, कमानी मिळतात. चाळीच्या गणपतीला अजूनही दार वाजवावं लागतं. हे सगळं सांगायचं कारण असं, की पुढे मी जे केलं ते पावती म्हणजे काय हे माहीत नसलेल्या माणसाने केलेलं नव्हतं.

*

२०१४ मध्ये मी ट्रेकिंगला लागले. ऑफिसातल्या एका मैत्रिणीचा दादरचा ग्रुप होता. गुरुवारी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटायचं, शनिवारी रात्री दादरहून कसारा किंवा कर्जत लोकल पकडायची. कसारा स्टेशनच्या फलाटावर सकाळ होईपर्यंत सॅक डोक्याखाली घेऊन आडवं व्हायचं, मग जीप. भाव वगैरे प्रकार नव्हता. टीटीएमएम. तुझं तू, माझं मी. परतीच्या लोकलमध्ये कुणीतरी वहीत हिशोब मांडायचं आणि माणशी २८७ रुपये असा काहीतरी विचित्र आकडा निघायचा. तीन रुपये परत द्यायला कुणाकडे सुट्टे नसायचे, त्यावर कल्याणपर्यंत भांडण चालायचं.

मुंबईत ही परंपरा जुनी आहे. गिरिविहारसारखी संस्था १९५४ पासून आहे. अशा क्लबांत लीडर फुकट येतो, दोर आणि तंबू संस्थेचे असतात, सभासद वर्षाची फी भरतात आणि ट्रेकचा खर्च वाटून घेतात. नफा हा शब्द कुणी काढत नाही. कुणी काढलाच तर बाकीचे त्याच्याकडे असं बघतात, की त्याने आजोबांसमोर सिगारेट पेटवली आहे.

मग इन्स्टाग्राम आलं. पावसाळ्यात कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर रांगा लागायला लागल्या. उलटा धबधबा, काजवे, ढगांच्या वरचा सूर्योदय, प्रत्येकाचं रील. जूनच्या आधी भंडारदऱ्याला आणि राजमाचीला काजवे बघायला जी गर्दी होते, तिच्यापुढे काजवे बिचारे लाजून विझत असतील. ट्रेक ही विकायची गोष्ट झाली. माणशी ७९९ पासून १,४९९ पर्यंत, पिकअप पॉइंट दादर टीटी, सायन, ठाणे, नाश्ता-जेवण इन्क्लुडेड, गूगल फॉर्म भरा, यूपीआय करा, स्क्रीनशॉट पाठवा.

आमचा ग्रुपही हळूहळू तिकडे सरकला. वाईट हेतूने नाही. नवी मुलं लोकलने यायला तयार नव्हती, बस करायची तर आधी पैसे गोळा करावे लागतात, आणि आधी पैसे घ्यायचे तर आकडा आधी सांगावा लागतो. २०२१ मध्ये राज्य सरकारचं साहसी पर्यटनाचं धोरण आलं. त्यानंतर नोंदणी, विमा, प्रशिक्षित लीडर, प्रथमोपचार याबद्दल विचारणा वाढली. तीही योग्यच. पण या सगळ्याला पैसे लागतात. मग भाव कुणीतरी ठरवायला हवा. माझं अक्षर चांगलं होतं, आता एक्सेलही येत होतं.

*

ज्या ट्रेकबद्दल सांगायचंय तो अकोले तालुक्यातला, २०२२ च्या पावसाळ्यातला. गावाचं नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती.

सतरा सीटच्या दोन गाड्या, म्हणजे ३४ जण. त्यातले तीन लीडर, ते पैसे देत नाहीत. उरलेले ३१, माणशी १,०५० रुपये. जमा ३२,५५०.

खर्च असा: दोन गाड्या, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता धरून २३,०००. गावात एका घरी नाश्ता आणि जेवण, माणशी १८० प्रमाणे ३४ जणांचे ६,१२०. प्रथमोपचार, बॅटऱ्या, किरकोळ ६००. आणि गावाचं प्रवेश शुल्क, माणशी ३० प्रमाणे १,०२०. एकूण ३०,७४०. शिल्लक १,८१०. ती दोराच्या फंडात जाणार, कारण आमचा जुना दोर निवृत्तीला आला होता.

पहाटे साडेचारला गाड्या गावात पोचल्या. पाऊस होता. रस्त्याला आडवा बांबू, बाजूला पत्र्याची शेड, शेडमध्ये टेबल, टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पावतीपुस्तक. एक मावशी बसल्या होत्या, डोक्यावर घोंगडीसारखी जाड शाल. बांबूपाशी दोन मुलं टॉर्च घेऊन उभी. पाटीवर जुना आकडा खोडून नवा लिहिला होता: माणशी ५० रुपये.

"मावशी, ३० होते ना?"

"जूनपासून पन्नास केले, ताई. ग्रामसभेत ठरलं."

३४ गुणिले ५० म्हणजे १,७००. माझ्या एक्सेलमध्ये १,०२०. फरक ६८० रुपये. हे मी तिथल्या तिथे, डोक्यात केलं. दुसरं गणित मी केलं नाही, की ६८० गेले तरी १,१३० उरतातच.

मी घासाघीस सुरू केली. दादरला फुलं घेताना करतो तशी, हसत हसत. आम्ही दरवर्षी येतो. मोठा ग्रुप आहे. जेवणही तुमच्याच गावात घेतोय. कचरा करत नाही. काहीतरी कमी करा. मावशी काही बोलल्या नाहीत. मुलांपैकी एक म्हणाला, "कमी नाही होत, ताई." मग मी म्हटलं, "बरं, असं करा. वीस जणांची पावती करा. हजार रुपये घ्या, विषय संपवा."

मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. आमच्या मागे आणखी तीन बस लागल्या होत्या. मावशींनी पुस्तक उघडलं, कार्बन सारखा केला आणि लिहिलं. व्यक्ती २०. रक्कम १,०००. अक्षरी एक हजार फक्त. पावती फाडून माझ्या हातात देताना त्यांनी एवढंच विचारलं,

"बाकीचे चौदा दुसऱ्या वाटेनं जाणारेत का?"

आवाजात राग नव्हता. मी हसले. मला वाटलं, हा विनोद आहे आणि मी व्यवहार जिंकला आहे.

*

ट्रेक छान झाला. फोटो छान आले. परत येताना गाडीत अंताक्षरी झाली.

सोमवारी दुपारी ग्रुपवर मेसेज आला. पहिल्यांदाच आलेला एक मुलगा, वय असेल बावीस-तेवीस. त्याने सगळ्या फोटोंत टेबलावरच्या पावतीचाही फोटो काढला होता. त्याला ती पावती आवडली होती म्हणे, हाताने लिहिलेली, कार्बनची निळी झाक असलेली. त्याने फोटो टाकला आणि खाली लिहिलं: "यात २० आहे. आपण ३४ होतो ना?"

खाली एक स्माइली होती. तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

मी उत्तर टाइप केलं, "ग्रुप डिस्काउंट 😊". पाठवलं नाही. खोडलं. "तिथे तसंच करतात" असं लिहिलं. तेही खोडलं. मग पुन्हा एक्सेल उघडलं. शुल्कापोटी मी लोकांकडून घेतले १,०२०. दिले १,०००. म्हणजे जे पैसे मी गावाच्या नावाने गोळा केले होते, त्यातून आमच्या ग्रुपने वीस रुपये कमावले होते.

वीस रुपये. वडापावसुद्धा जेमतेम.

त्या रात्री मला चाळीतला दुकानदार आठवला. ५१ लावा म्हणणारा. मला काय फायदा विचारणारा. तो निदान स्वतःच्या खिशातले वाचवत होता.

*

माझा मामेभाऊ कॅनडात असतो, ओंटारिओमध्ये. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे बर्फातल्या वाटांचं परमिट असतं, तसंच आहे हे. स्नोमोबिल म्हणजे बर्फावर चालणारी स्कूटर समजा. तिकडे हिवाळ्यात जंगलांतून, शेतांतून, गोठलेल्या तळ्यांवरून हजारो किलोमीटरच्या वाटा तयार करतात. त्या सरकार करत नाही, गावोगावचे क्लब करतात. मोठ्या यंत्रांनी रात्री बर्फ सपाट करतात, पाट्या लावतात, पूल बांधतात. बरीचशी माणसं स्वयंसेवक. बऱ्याच वाटा खासगी जमिनीतून जातात, शेतकऱ्याच्या परवानगीने. आणि या वाटांवर गाडी घालायची तर परमिट घ्यावं लागतं. हंगामाआधी घेतलं तर स्वस्त, बर्फ पडल्यावर घेतलं तर महाग, कारण क्लबांना यंत्रं दुरुस्त करायला पैसे आधी हवे असतात.

"आणि महाग झालं की लोक ओरडतात," तो म्हणाला. "यंदा बर्फच कमी पडलं, मग पैसे का भरू? मी वर्षातून चारदाच जातो, मग पूर्ण हंगामाचे का? तिकडेही तेच."

"पण परमिट विकतं कोण?"

"क्लबच. म्हणजे आता ऑनलाइन असतं, पण पैसा क्लबांच्या संघटनेचा. जो वाट राखतो तोच परमिट विकतो ना."

तो हे सहज बोलून गेला. मला ते वाक्य रुतलं. जो वाट राखतो तोच विकतो. आमच्याकडे वाट विकतात दादर, ठाणे आणि पुणे. राखतं गाव. १,०५० रुपयांचा आकडा मी ठरवला होता. त्यातले ३० ठरवताना गावाला विचारलं नव्हतं, मागच्या वर्षीच्या शीटमधून कॉपी केले होते. बसवाल्याने डिझेल वाढलं म्हणून गाडीमागे पाचशे वाढवले, ते मी निमूट दिले होते. टोलनाक्यावर कुणी म्हणत नाही की सतराच्या जागी दहाच सीटचं घ्या. सगळ्या खर्चांत ज्या एका आकड्याशी मी भांडले, तो सगळ्यात लहान होता. आणि समोर बसलेली बाई सगळ्यात कमी बोलणारी होती, हेही त्याचं कारण असावं.

या शुल्काला बऱ्याच ठिकाणी पावतीवर एक अधिकृत नाव असतं: उपद्रव शुल्क. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. आम्ही काय उपद्रवी माकडं आहोत का? पण मला आता तो सरकारी मराठीतला सगळ्यात प्रामाणिक शब्द वाटतो. तो देखाव्याचे पैसे मागत नाही. सह्याद्री सगळ्यांचाच आहे, त्याचे पैसे कोण मागणार? तो सांगतो, तुम्ही आलात म्हणजे काहीतरी झिजणार, काहीतरी घाण होणार, कुणाची तरी झोप मोडणार. त्याचे हे पैसे.

१९९२ पासून महाराष्ट्रात संयुक्त वन व्यवस्थापन सुरू झालं, म्हणजे वनखातं आणि गावाची समिती मिळून जंगल सांभाळणार. अनेक गडांच्या पायथ्याशी पावती फाडणारी समिती ती हीच. काही ठिकाणी ग्रामपंचायत असते. अभयारण्य असेल तर वनखात्याचा नाका असतो. त्या पैशांतून नाक्यावरच्या मुलांचा पगार निघतो, कचऱ्याच्या गोण्या खाली येतात, पार्किंगसाठी जागा सपाट होते, घसरणीच्या टप्प्यावर रेलिंग लागतं. पावसाळ्यात वाट वाहून जाते तेव्हा दगड पुन्हा रचायला माणसं लागतात. धुक्यात वाट चुकलेल्यांना शोधायला रात्री कोण जातं? पोलीस आणि बचाव पथक शहरातून येईपर्यंत गावातलीच पोरं निघालेली असतात.

*

दुसरी बाजूही सांगायला हवी. ट्रेकर उगाच चिडत नाहीत. एकाच वाटेवर पार्किंगचे वेगळे, प्रवेशाचे वेगळे, वर तंबूचे वेगळे असं झालं की डोकं फिरतं. काही ठिकाणी बांबू आडवा असतो, हात पुढे असतो आणि पावती मागितली की "पावती संपली" असं उत्तर मिळतं. पैसे घेतले आणि वर प्लास्टिकचा खच तसाच, असंही पाहिलंय. अशा वेळी "डोंगर काय यांच्या बापाचा?" हे वाक्य हमखास ऐकू येतं. मीही म्हटलेलं आहे.

पण मला वाटतं, या रागाची जागा चुकते. पावती नसेल तर पैसे देऊ नये, हे बरोबर आहे. अण्णांनीही तेच सांगितलं असतं. हिशोब मागावा. शेडमध्ये जमा-खर्चाचा कागद लावा म्हणावं, आमच्या जिन्यात लागायचा तसा. हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे आणि ट्रेक क्लबांनी तो एकत्र येऊन वापरायला हवा. मात्र जिथे पाटी आहे, पावती आहे, ग्रामसभेत ठरलेला आकडा आहे, तिथे डोकी कमी सांगणं हा हिशोब मागण्याचा प्रकार नाही. मी त्या पहाटे कुठलाही हिशोब मागितला नव्हता. मला फक्त कमी द्यायचे होते.

आणि त्यामुळे एक गोष्ट झाली जी पैशांपेक्षा मोठी आहे. पावतीवर २० लिहिलं. त्या दिवशी वर काही झालं असतं, रात्री गावातल्या मुलांना शोधायला निघावं लागलं असतं, तर त्यांच्या पुस्तकात आमचे वीसच लोक होते. वीस जण खाली आले की शोध थांबला असता. उरलेले चौदा कागदावर वर गेलेच नव्हते. लीडर म्हणून मी ज्यांची जबाबदारी घेतली होती, त्यातल्या चौदा जणांना मी स्वतःच पुसून टाकलं होतं. हे मला रात्री दोन वाजता सुचलं आणि मग झोप आली नाही.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी खरं उत्तर लिहिलं. सगळ्या ग्रुपवर. "बरोबर आहे. मी १४ जणांचे पैसे दिले नाहीत. देऊन येते." दोन मिनिटं शांतता. मग कुणीतरी लिहिलं, "अगं एवढं काय." कुणी लिहिलं, "सगळेच करतात." एका जुन्या लीडरने मला वेगळा मेसेज केला, "ग्रुपवर कशाला? आपलीच बदनामी." तो मुलगा मात्र काही बोलला नाही. त्याने फक्त अंगठा दाखवला.

*

गावाच्या शेडमध्ये तेव्हा क्यूआर कोड नव्हता. नंबर मिळवून कुणाच्या तरी खात्यावर पाठवता आले असते, पण मग पुस्तकात काय चढलं असतं कोण जाणे. तीन आठवड्यांनी एक रविवार रिकामा मिळाला. पहाटेची कसारा लोकल दादरहून पकडली. कसाऱ्याहून जीप, घोटीला उतरून दुसरी जीप, मग थोडं चालणं. जाण्यायेण्याचा खर्च ७०० च्या जवळपास झाला असेल, त्याचा हिशोब ठेवला नाही.

अकरा वाजले होते. सकाळची गर्दी वर गेली होती. शेडमध्ये त्याच मावशी होत्या, पाय पसरून तांदूळ निवडत. मला ओळखलं नाही. ओळखावं असं काही नव्हतंच, अशा किती जणी येतात.

मी सांगितलं. त्या दिवशी ३४ होतो, २० ची पावती केली, १४ राहिले. मावशींनी सूप बाजूला ठेवलं. थोडा वेळ त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आतून काहीतरी भानगड बाहेर येणार अशा बेताने.

"वनखात्याच्या आहात का?"

"नाही हो. ट्रेकवाली आहे. मुंबईची."

"मग आता कशाला आलात?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. अण्णा, चाळ, पावत्या, सगळं. लोकलमध्ये जुळवून आले होते. पण तिथे ते बोलवेना. मी म्हटलं, "राहिले होते म्हणून."

त्यांना ते पटलं असावं. पुस्तक काढलं, कार्बन घातला. मी ट्रेकची तारीख सांगायला लागले तशा त्यांनी पेन उचललं.

"मागल्या तारखेची पावती नाही होत, ताई. आजचीच होईल."

मी म्हटलं, चालेल.

"आज वर जाणार?"

मी गडाकडे पाहिलं. माथा ढगात होता. सोबत कुणी नव्हतं. एकटीने पावसात जायचं नाही, हा आमच्या ग्रुपचाच नियम. "वर नाही. पहिल्या पठारापर्यंत जाऊन येते."

"पठार म्हणजे जाणंच की," असं म्हणून त्यांनी लिहिलं. व्यक्ती १५. रक्कम ७५०. अक्षरी सातशे पन्नास फक्त. मी ५०० च्या दोन नोटा दिल्या. त्यांनी २५० मोजून परत दिले, दोनदा मोजून.

पठारावर अर्धा तास बसले. वाटेत एका ठिकाणी नवीन दगड रचलेले दिसले, माती अजून ओली होती. मागच्या वेळी तिथे घसरायला झालं होतं, ते आठवलं. कुणी रचले ते विचारायचं डोक्यात होतं, उतरले तेव्हा शेडमध्ये मावशींच्या जागी टॉर्चवाला मुलगा बसला होता, मोबाइलवर क्रिकेट बघत. त्याने मान वर करून विचारलं, "एकच ना?" मी म्हटलं, हो, एकच. त्याने पुस्तकात काहीतरी खूण केली. १५ ची पावती आणि खाली आलेली एकटी बाई, याचा मेळ त्याने कसा घातला ते मला माहीत नाही.

*

त्यानंतर आमच्या फॉर्ममध्ये एक बदल झाला. ट्रेकची फी वेगळी लिहितो आणि खाली एक ओळ असते: गावाचं शुल्क प्रत्येकाने तिथेच द्यायचं, स्वतःची पावती स्वतः घ्यायची. याला विरोध झाला. सुट्टे नसतात, पहाटे रांग लागते, वीस मिनिटं वाया जातात. हे सगळं खरं आहे. शिवाय शेजारच्या ग्रुपच्या पोस्टवर "ऑल इन्क्लुडेड" असतं आणि आमच्या पोस्टवर एक जास्तीची ओळ, त्यामुळे चार लोक तिकडे जातात. त्यालाही माझ्याकडे उत्तर नाही.

पण त्या वीस मिनिटांत एक होतं. दादरला बसलेल्या मुलांना पहिल्यांदा कळतं की ज्या वाटेचे पैसे त्यांनी मला दिले, ती माझी नाही. समोर टेबलामागे कुणीतरी बसलंय आणि ते तुमचं नाव विचारतंय. काही जण पावती खिशात चुरगाळतात. काही जण फोटो काढतात. एक मुलगी मागच्या ट्रेकला म्हणाली, "माझं पूर्ण नाव लिहा ना." मावशींनी विचारलं, पूर्ण म्हणजे? तिने स्वतःचं, आईचं, बापाचं, आडनाव, सगळं सांगितलं. रेघ लहान होती. मावशींनी ते सगळं त्या एवढ्याशा रेघेवर कोंबून लिहिलं, मागे रांग ताटकळत असताना.